कॉमिकवरून बनलेला विनाशोत्तर शूटर खेळायचा आहे, पण मूळ कॉमिक वाचलेलं नाही. ‘रोग ट्रूपर रिडक्स’ थेट सुरू केला तर कथा कळेल का? आणि इतका जुना गेम आज खेळण्यासारखा आहे का?

बेधडक सुरू करा. आधी कॉमिक वाचलंच पाहिजे असं सांगणारे भेटतील, पण या गेमच्या बाबतीत मी उलटा क्रम सुचवेन: आधी गेम, मग कॉमिक.

‘रोग ट्रूपर’ ही मूळची ‘२००० एडी’ या ब्रिटिश साप्ताहिकातली मालिका. लेखक गेरी फिन्ली-डे आणि चित्रकार डेव्ह गिबन्स यांनी ती १९८१ मध्ये सुरू केली. कॉमिकचं पहिलं पान उघडतं तेव्हा जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. नायकाची, म्हणजे ‘रोग’ (Rogue) नावाच्या सैनिकाची, सगळी पलटण मारली गेली आहे, तो एकटा उरला आहे, आणि मेलेल्या तीन साथीदारांचे आवाज त्याच्या बंदुकीतून, पाठीवरच्या पिशवीतून आणि शिरस्त्राणातून येत आहेत. हे असं का झालं ते वाचकाला पुढे, मागच्या आठवणींतून कळतं. गेम मात्र त्या कत्तलीपासूनच सुरू होतो. क्वार्ट्झ झोन या रणभूमीवर उतरताना गनर, बॅगमन आणि हेल्म हे तिघं साथीदार जिवंत असतात, तुमच्या शेजारून धावत असतात, एकमेकांवर ओरडत असतात. मग ते एकेक करून पडतात आणि ज्या चिपमध्ये त्याचं मन साठवलेलं असतं ती प्रत्येकाची चिप काढून घ्यायचं काम तुमच्याकडे येतं. त्यामुळे नवख्या माणसाला गेममध्ये कथा जास्त सरळ कळते. पटकथा गॉर्डन रेनी यांची आहे. ते स्वतः ‘२००० एडी’साठी लिहिणारे, म्हणून मूळ जगाला कुठे धक्का लागलेला नाही.

त्या जगाबद्दल थोडक्यात. न्यू-अर्थ नावाच्या ग्रहावर नॉर्ट आणि साउदर या दोन पक्षांचं युद्ध वर्षानुवर्षं चालू आहे. रासायनिक अस्त्रांचा इतका मारा झाला आहे की तिथली हवाच विषारी झाली आहे. साधा सैनिक बंद पोशाखाशिवाय तिथे जगू शकत नाही. म्हणून साउदरांनी प्रयोगशाळेत निळ्या कातडीचे सैनिक तयार केले. ते ती हवा थेट श्वासातून घेऊ शकतात. यांना जेनेटिक इन्फन्ट्रीमन, म्हणजे जी.आय., म्हणतात. प्रत्येकाच्या डोक्यात एक बायोचिप असते आणि तिच्यात त्याचं मन, स्वभाव, आठवणी साठवलेल्या असतात. शरीर मेलं की चिप लगेच काढून एखाद्या उपकरणात बसवायची, म्हणजे तो सैनिक ‘वाया’ जात नाही. सैन्याच्या दृष्टीने ही काटकसर आहे. वाचताना किंवा खेळताना मात्र अंगावर काटा येतो, कारण मेल्यावरही ज्याची सुटका नाही असा शिपाई याच्याआधी मला कुठल्याच युद्धकथेत भेटला नव्हता.

तुम्ही ‘विनाशोत्तर’ म्हणालात. काटेकोरपणे बघायचं तर इथे विनाश अजून संपलेलाच नाही, तो चालू असताना आपण त्याच्या मधून चालतो. पण उद्ध्वस्त शहरं, दगड झालेलं जंगल, श्वास घेता न येणारं आकाश, हे सगळं इथे आहे, आणि दोन्ही बाजूंना आता युद्ध कशासाठी चाललं आहे याचं फारसं सोयरसुतक नाही. ओसाड जगाचं चित्र म्हणून हे मला कितीतरी जास्त खरं वाटतं.

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी मी हा गेम आजही कोणालाही सुचवतो. कॉमिकवरून गेम बनवणं म्हणजे बहुतेक वेळा नायकाचा चेहरा आणि नाव उचलायचं आणि खाली एखादा चालू छापाचा शूटर ठेवायचा. इथे तसं झालेलं नाही. कॉमिकची मूळ कल्पना, मेलेले मित्र हेच तुमचं सामान, हीच खेळण्याची पद्धत झाली आहे. गनर तुमची रायफल आहे, पण ती जमिनीवर उभी करून तुम्ही निघून जाऊ शकता. गनर स्वतः गोळीबार करत राहतो. त्या वेळात तुमच्या हातात फक्त पिस्तूल असतं, म्हणजे मित्राला मागे सोडल्याची किंमत लगेच जाणवते. हेल्म कुलूपबंद यंत्रणा हॅक करतो आणि तुमची हुबेहूब त्रिमितीय प्रतिमा उभी करून शत्रूला तिच्याकडे वळवतो. बॅगमन पडलेल्या शत्रूंकडून आणि भंगाराच्या ढिगांमधून गोळा केलेल्या मालातून गोळ्या, औषधं आणि नवी शस्त्रं बनवतो, शिवाय मागे सुरुंग पेरतो. हे तिघं मधेमधे बोलतात, भांडतात, सावध करतात. गनरचा स्वभाव तापट, त्याला सतत लढायचं असतं. काही तास खेळल्यावर रायफल खाली ठेवताना आपण कोणाला तरी ठेवतो आहोत असं वाटू लागतं, आणि हे कटसीनमधून, म्हणजे मधल्या चित्रफितींमधून, सांगून होत नाही, बटण दाबून होतं.

‘रोग ट्रूपर’ बनवणाऱ्या रिबेलियन कंपनीचा २००३ चा ‘जज ड्रेड: ड्रेड व्हर्सेस डेथ’ही या जातीचाच. अणुयुद्धानंतरचं महानगर, त्याच साप्ताहिकातला नायक, पण फर्स्ट पर्सन, म्हणजे नायकाच्या डोळ्यांतून दिसणारा खेळ. त्यात निरपराधांवर किंवा शरण आलेल्यांवर गोळी झाडली की तुमचा ‘लॉ मीटर’ खाली येतो. तो संपला की न्यायाधीशच (त्या जगात पोलीसही तेच) तुमच्या मागे लागतात. तिथेही कॉमिकचा नियम खेळाचा नियम झाला आहे. बाकी खेळ मात्र मला सपाट वाटतो, म्हणून एकच घ्यायचा असेल तर ‘रोग ट्रूपर’.

खेळताना हे लक्षात ठेवा की हा गेम नुसतं धावत आणि गोळ्या झाडत जाऊनही संपतो, पण तसा खेळलात तर तो साधारण वाटेल. एखाद्या मोकळ्या चौकात सात-आठ नॉर्ट दिसले की आधी थांबा. गनरला एका कोपऱ्यात लावा, हेल्मची प्रतिमा दुसऱ्या टोकाला सोडा, आणि स्वतः वाकून बाजूने मागे जा. नॉर्ट सैनिकांच्या पाठीवर हवेच्या टाक्या असतात. तिथे नेम धरला तर एका गोळीत काम होतं. हवा विषारी असलेल्या ग्रहावर शत्रूचा कमकुवत भाग हाच असणार हे किती सरळ आहे, आणि तरी असं तर्काला धरून रचलेलं जग शूटरमध्ये क्वचित मिळतं. मागून गाठता आलं तर सुरी वापरा, गोळी वाचते. गोळी वाचवणं इथे महत्त्वाचं, कारण ज्या मालातून गोळ्या बनतात त्याच मालातून अपग्रेड घ्यायचे असतात. सुरुवातीचा माल रायफलच्या सुधारणांवर घाला. पडलेला शत्रू तसाच सोडून पुढे पळू नका, बॅगमनचं सगळं गणित त्यावरच उभं आहे.

जुनेपणाचं काय? मूळ गेम २००६ चा, प्लेस्टेशन २, एक्सबॉक्स आणि पीसीसाठी आलेला. रिडक्स ही त्याची सुधारित आवृत्ती, ती २०१७ मध्ये पीसी, प्लेस्टेशन ४, एक्सबॉक्स वन आणि स्विचसाठी आली. चित्रं नव्याने घासूनपुसून घेतली आहेत, प्रकाश आणि धूर चांगले दिसतात, नियंत्रणंही सुधारली आहेत. पण सांगाडा तोच आहे. वाटा अरुंद आहेत, चेहऱ्यांवर हावभाव फारसे नाहीत, अदृश्य भिंती जाणवतात. आडोशाला चिकटून न बघता गोळीबार करणं पुढे बऱ्याच थर्ड पर्सन शूटरमध्ये (ज्यात नायक पाठीमागून दिसतो) रूढ झालं. इथे ते आधीपासून आहे, मात्र आजच्या सवयीला थोडं ढिलं वाटेल. वाहनावर बसून तोफ चालवायचे टप्पे मला कंटाळवाणे वाटतात, कारण तिथे तिघं साथीदार जवळजवळ निरुपयोगी होतात आणि गेम कोणताही दुसरा गेम होऊन बसतो. उत्तरार्धात शत्रूंचे प्रकारही वाढत नाहीत. लांबी कमी आहे, दोन-तीन सुट्ट्यांच्या दिवसांत आरामात संपेल. माझ्या मते हा दोष नाही. गोष्ट जेवढी आहे तेवढ्यातच संपते, उगाच नकाशावर खुणा पेरून ताणलेली नाही.

शूटरची सवय नसेल तर सोप्या पातळीवर सुरू करायला अजिबात संकोच करू नका. तिथेही डावपेच लढवायला वाव आहे, फक्त चुकीला माफी जास्त.

गेम संपल्यावर कॉमिक घ्यायचं असेल तर ‘टेल्स ऑफ न्यू-अर्थ’ या नावाने जुन्या गोष्टींचे संग्रह निघाले आहेत, त्यातला पहिला खंड घ्या. साप्ताहिकातल्या मालिकेसारखे छोटे छोटे भाग आहेत, एका बैठकीत चार-पाच सहज वाचून होतात. बहुतेक पानं काळीपांढरी आहेत आणि गिबन्स यांच्या रेषांमध्ये ती विषारी हवा रंगांशिवायही डोळ्यांसमोर उभी राहते. कथेचा सूर गेमपेक्षा जास्त कडवट आहे. तिथे रोग हा पळून गेलेला सैनिक आहे, त्याचंच सैन्य त्याला शोधतंय, आणि पलटणीचा घात करणाऱ्या विश्वासघातकी सेनापतीच्या मागावर तो फिरतो आहे. गेममध्ये गनरला तुम्ही जिवंत बघितलेलं असेल, त्यामुळे कॉमिकमध्ये ती बंदूक पहिल्यांदा बोलेल तेव्हा कोण बोलतंय हे तुम्हाला कोणी सांगावं लागणार नाही.