चेंडू डोक्याला लागून तीन आठवडे झाले, सीटी स्कॅन नॉर्मल आहे, तरी अकरावीतल्या भावाला अभ्यास जमत नाही. बाबा म्हणतात निमित्त करतोय. गरब्याला मात्र जायचं म्हणतोय. आम्ही बडोद्यात राहतो. खरंच इतके दिवस लागतात का?

लागतात. त्याच्या वयात बहुतेक मुलं चार आठवड्यांत बरी होतात, काहींना त्याहून जास्त लागतात. तो निमित्त करत नाहीये.

सीटी बघतो तो रक्तस्राव आणि हाडाची मोड. कन्कशनमध्ये, म्हणजे डोक्याला मार बसून मेंदूला हिसका बसतो तेव्हा, बहुतेक वेळा त्यात काही दिसतच नाही. हिसका बसल्यावर मेंदूच्या पेशींतलं पोटॅशियम बाहेर पडतं, कॅल्शियम आत शिरतं. हा तोल सावरायला पेशींना जास्त साखर लागते आणि नेमका त्याच वेळी मेंदूचा रक्तपुरवठा कमी झालेला असतो. शुद्ध गेली नव्हती म्हणून लागलं नसेल, असंही समजू नका; बहुतेकांची शुद्ध जातच नाही.

मी बडोद्यातच एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला आहे. २०१९ च्या पुरात आम्ही काही मुलंमुली दांडिया बाजारातून विश्वामित्रीकाठच्या वस्त्यांत जेवण आणि औषधं पोहोचवत होतो. सामान उतरवताना टेम्पोचा फाळका माझ्या डोक्यावर आदळला. रक्त नाही, टाका नाही. मुका मार आहे, झोपलीस की बरं वाटेल, असं सगळ्यांनी सांगितलं. दिवाळी आली तरी मला ट्यूबलाइटचा उजेड सहन होत नव्हता, आणि क्लासमध्ये मी कामचुकार ठरले होते. डोकेदुखी गेली, पण आपलं कोणी खरं मानत नाही ही भावना फार दिवस टिकली. म्हणून मेडिकलला आल्यापासून मी शाळांमध्ये खेळाच्या शिक्षकांशी या विषयावर बोलत असते.

आता भावाचं. त्याला अंधाऱ्या खोलीत झोपवून ठेवलं असेल तर आजच बाहेर काढा. विश्रांती पहिले २४ ते ४८ तास, फोनही तेवढ्यापुरता कमी. पुढे हळूहळू हालचाल केलेलीच बरी, असं २०२२ च्या ॲमस्टरडॅमच्या परिषदेतल्या तज्ज्ञांनीही मांडलं आहे. सकाळी कमाटीबागेत जरा भरभर चालू दे. दुखणं दहापैकी तीनवरून चार-पाचवर गेलं आणि तासाभरात उतरलं तर चालेल. त्याहून वाढलं तर थांबायचं आणि दुसऱ्या दिवशी कमी चालायचं. अभ्यासालाही हेच माप लावा: पंधरा-वीस मिनिटं वाचन, मग उठायचं. शाळेशी बोलून काही दिवस अर्धा दिवस आणि परीक्षेत जास्तीचा वेळ मागा. डॉक्टरांची चिठ्ठी सोबत न्या, शाळा नुसत्या बोलण्यावर ऐकत नाहीत. डोकेदुखीची गोळी रोज चालू ठेवू नका, तिनंच डोकेदुखी टिकून राहते.

गरब्याला जायचं म्हणतोय असं तुम्ही लिहिलंय. यंदा नको. फेर, उड्या, लाउडस्पीकर, गर्दीतला एखादा धक्का, हे सगळं त्याच्या डोक्याला आत्ता झेपणार नाही. क्रिकेटही डॉक्टर हो म्हणेपर्यंत बंद. पहिला मार भरून येण्याआधी दुसरा बसला तर क्वचित जिवावर बेततं.

बाबा क्रिकेट बघत असतील तर त्यांना डिसेंबर २०२० ची कॅनबेराची टी-ट्वेंटी आठवून द्या. शेवटच्या षटकात जडेजाच्या हेल्मेटवर चेंडू बसला, तरी त्यानं डाव संपेपर्यंत फलंदाजी केली. मग त्याच्या जागी चहल उतरला, कारण २०१९ पासून आयसीसीनं कन्कशनसाठी बदली खेळाडूची मुभा दिली आहे. धडधाकट दिसणाऱ्या गड्याला संघ बसवतो, मग घरच्यांनी अकरावीच्या पोराला का दामटायचं?

डोकेदुखी वाढतच गेली, पुन्हा पुन्हा उलट्या झाल्या, झोपेतून उठवणं जड गेलं, बोलणं अडखळलं, हातपाय लुळे वाटले किंवा झटका आला, तर वाट न पाहता इमर्जन्सीत न्या.

यातलं काही नसेल आणि चार आठवडे झाल्यावरही अभ्यास जमत नसेल, तर न्यूरॉलॉजिस्टकडे जा आणि मान व शरीराचा तोल दोन्ही तपासायला आवर्जून सांगा. मानेला बसलेल्या हिसक्यानंही डोकं दुखत राहतं, आणि दोन्हींवर फिजिओथेरपीचे व्यायाम आहेत.