नायब सुभेदार साहेब, दुकान वाढवा. पण राहतं घर त्यात घालू नका

सादर नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. 1971 च्या युद्धात मराठा लाइट इन्फंट्रीच्या जंगी पलटणीबरोबर जमालपूरला होतात, 1994 मध्ये नायब सुभेदार म्हणून निवृत्त झालात, आणि पेन्शनचा काही भाग विकून आलेल्या पैशात कोरेगावला हार्डवेअरचं दुकान घातलंत. आज वय 76, काकूंचं 68. दुकान मुलगा बघतो. त्याला सातारा रस्त्यावर टाईल्स आणि सॅनिटरीचं शोरूम काढायचं आहे. बँक 60 लाख द्यायला तयार आहे : 40 लाखांचं कॅश क्रेडिट (लागेल तसं उचलायचं आणि वापरलेल्या रकमेवर व्याज भरायचं) आणि सात वर्षांचं 20 लाखांचं मुदत कर्ज, दोन्ही साडेदहा टक्क्यांनी. बदल्यात बँकेला तुमचं राहतं घर तारण हवं आणि तुमची जामीनदार म्हणून सही. शिवाय तुमच्या 28 लाखांच्या ठेवींतून 15 लाख मुलाला मार्जिनसाठी, म्हणजे कर्जासोबत स्वतः घालायच्या वाट्यासाठी, हवेत. "पेन्शन आहेच की," असं घरात सगळे म्हणतात, हे तुम्ही लिहिलंय. सगळं इथेच अडलंय.

पेन्शन खरंच भक्कम आहे. 1871 च्या पेन्शन कायद्याने तिच्यावर जप्ती येत नाही. विकलेला भाग 15 वर्षांनी, म्हणजे 2009 मध्ये, तुम्हाला परत सुरू झाला. 80 पूर्ण झाल्यावर मूळ पेन्शनमध्ये 20 टक्के भर पडेल. पण हे कवच पेन्शनला आहे, घराला नाही. हप्ता 90 दिवस थकला की खातं बुडीत गणलं जातं. मग सरफेसी या कर्जवसुलीच्या कायद्याखाली 60 दिवसांची नोटीस, आणि त्यानंतर बँक कोर्टात न जाता घराचा ताबा घेऊ शकते. शेतजमिनीला हा कायदा लागत नाही, राहत्या घराला लागतो. जामीनदाराचं दायित्व कर्जदाराइतकंच असतं, तेव्हा आधी मुलाकडून वसूल करा असं तुम्हाला बँकेला सांगता येणार नाही. तुमच्या बाबतीत तर प्रकरण आणखी कठीण आहे. दुकान आजही तुमच्या एकट्याच्या नावावर आहे, जीएसटीसुद्धा. त्याच नावाने कर्ज काढलंत तर तुम्ही नुसते जामीनदार नाही, थेट कर्जदार व्हाल.

आता मुलाचा हिशेब पाहू, कारण तो मेहनती आहे आणि त्याची कल्पना वेडी नाही. तुम्ही दिलेल्या आकड्यांनुसार दुकान महिन्याला 75 हजार मागे टाकतं. त्याच्या संसाराला 45 हजार लागतात. उरतात 30. नव्या कर्जाचा भार असा : कॅश क्रेडिट पूर्ण वापरलं तर महिना 35 हजार व्याज, आणि मुदत कर्जाचा हप्ता जवळपास 33,700. एकूण 68,700. म्हणजे शोरूमने पहिल्या महिन्यापासून निव्वळ 39 हजार कमवायला हवेत. त्याने टाईल्सवर भाडं, पगार, फुटतूट वजा जाता 8 टक्के सुटतील असं धरलंय. ते मान्य केलं तरी महिन्याला जवळपास पाच लाखांची जादा विक्री पाहिजे. तीही रोखीची, कारण बँकेचा हप्ता उधारीवर जात नाही. आजची विक्री नऊ लाख आहे. नवं शोरूम पहिल्या दिवसापासून तिच्या निम्म्याहून जास्त विक्री रोखीने करेल, हे मला पटत नाही.

आणि उधारी! पत्राच्या शेवटी एका ओळीत तुम्ही लिहिलंय की बाजारात 18 लाख येणं आहे, त्यातले सात लाख सहा महिन्यांपूर्वीचे, बहुतेक ठेकेदारांकडे. माझ्या दृष्टीने पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ हीच. दोन महिन्यांची पूर्ण विक्री लोकांच्या खिशात पडून आहे. साडेदहा टक्क्यांनी तिचं व्याज वर्षाला 1 लाख 89 हजार होतं, आणि ते तुम्ही भरताय. मुलाला मार्जिनला 15 लाख हवेत, आणि त्याहून जास्त रक्कम दुकानाच्याच वहीत आहे. प्रत्येक जुन्या खात्यावर बाकी मान्य असल्याची सही घ्या. तीन वर्षं उलटली आणि कबुली नसली तर दावा मुदतबाह्य होतो. भिडेपोटी हे होत नाही, मला कळतं. पण ठेकेदाराची भीड राखायची आणि घर गहाण टाकायचं, हा व्यवहार तुम्ही करू नये.

तुमच्या ठेवींतून द्यायचेच असतील तर सहा लाख द्या, त्याहून जास्त नाही, आणि तेही लेखी कर्ज म्हणून, खात्यातून खात्यात. हे पैसे पतसंस्थेतल्या नऊ लाखांमधून काढा. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, सहकारी बँकेतल्यासुद्धा. पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो. उरलेले तीन लाखही मुदत संपताच बँकेत न्या. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेतल्या 15 लाखांना हात लावू नका. 8.2 टक्क्यांनी तिमाहीला 30,750 येतात, आणि ते काकूंच्या उद्याच्या सोयीचे आहेत. तुमच्या पश्चात त्यांना मिळणारं कुटुंब निवृत्तीवेतन तुमच्या पेन्शनच्या साधारण 60 टक्के असेल. आज हातात 40 हजार येतात, तिथे 24 हजार. घर असेल तर त्यात भागतं. भाड्याने राहावं लागलं तर नाही भागत.

एक छोटं पण तातडीचं काम : स्पर्श या लष्करी पेन्शनच्या पोर्टलवर काकूंचं नाव आणि जन्मतारीख आधारशी जुळते का ते पाहा. जुन्या पीपीओंमध्ये, म्हणजे पेन्शनच्या आदेशांमध्ये, नावांचे घोळ फार असतात. साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात दुरुस्तीला मदत मिळते. हे तुमच्या हयातीत व्हायला हवं, नंतर काकूंना हेलपाटे पडतात.

मुलाला मी असं सांगेन : स्वतःच्या नावाने फर्म काढ, स्वतंत्र जीएसटी घे, शोरूम छोट्या जागेत सुरू कर. मुद्रा कर्ज योजनेत 10 लाखांपर्यंत तारण लागत नाही, आणि त्यापुढच्या रकमेसाठी हमी शुल्क भरून सरकारी पतहमीखाली कर्ज द्याल का, असं बँकेला विचार. बँक नाही म्हणाली तर का, ते ऐकून घे. दोन वर्षांचे ताळेबंद दाखवले की मोठी रक्कम मागायला तुझी स्वतःची पत तयार होईल. जुनं दुकान बक्षीसपत्राने द्यायचं की मृत्युपत्राने, हे सांगलीच्या मुलीला समोर बसवून ठरवा. तिचाही विचार व्हायला हवा.

"आयुष्यात पोराला कधी नाही म्हटलं नाही," असं तुम्ही लिहिलंय. आताही म्हणू नका. सहा लाख आणि तीस वर्षांची ओळखपाळख त्याला देताय, हे त्याला सांगा. काकूंचं छप्पर देता येत नाही, हेही सांगा, आणि काकू शेजारी असताना सांगा.

बँकेचं मंजुरीपत्र आलं तर सही करण्याआधी प्रत पाठवा. जामिनाच्या मसुद्यात हमी "चालू" स्वरूपाची आहे का, हे मला पाहायचंय. तशी असेल तर आज घेतलेलं कर्ज फिटल्यावरही पुढच्या प्रत्येक उचलीला तुम्ही बांधलेले राहता, आणि ती लेखी नोटीस देऊन थांबवावी लागते.