‘एक लेडीज’ म्हणणं अडाणीपणाचं नाही

कोपरखैरण्याच्या एका ताईंनी विचारलं आहे. पाचवीतल्या लेकीने इंग्रजीच्या वहीत ‘वन लेडीज’ लिहिलं. शिकवणाऱ्या बाईंनी गुण कापला आणि वर ऐकवलं, की मराठीतसुद्धा ‘एक लेडीज’ म्हणणं अडाणीपणाचं आहे. तर इंग्रजी नामांची रूपं कशी ओळखायची, आणि मराठीत काय म्हणायचं?

गुण कापला ते बरोबरच. इंग्रजीत एक असेल तर ‘लेडी’, अनेक असतील तर ‘लेडीज’. शेवटच्या ‘वाय’च्या आधी व्यंजन असलं की ‘वाय’ जाऊन ‘आयईएस’ येतं, स्वर असला की नुसता ‘एस’ लागतो. हे कुठल्याही शालेय पुस्तकात आहे.

अडाणीपणाची भाषा मात्र मला अजिबात मान्य नाही. ठाणे-पनवेल गाडीत ऐरोलीला कुणी म्हणतं, “सरक जरा, त्या लेडीजला बसू दे.” हे वाक्य मराठी आहे. त्यातली ‘लेडीज’ मराठी नाम आहे आणि तिला मराठीचं व्याकरण लागू होतं. ते किती चोख लागू होतं ते पाहा. एक असेल तर ‘लेडीजला’, अनेक असतील तर ‘लेडीजना’. ‘एक लेडीज आली’, ‘दोन लेडीज आल्या’. वचन प्रत्ययावरून कळतं, क्रियापदावरून कळतं. इंग्रजीचा ‘एस’ इथे वचन दाखवतच नाही, तो शब्दाच्या अंगात मुरलेला आहे. खरी चूक म्हणजे हॉलमधल्या समारंभात माइकवरून ऐकू येणारं ‘लेडीजेस’. ते ना इंग्रजीत बसतं ना मराठीत, आणि ते म्हणणारे बहुतेक वेळा स्वतःला इंग्रजी उत्तम येतं असं मानणारे असतात.

मुळात हा ‘एस’ आला कसा? ‘लेडीज डबा’ लहान होऊन ‘लेडीज’ झालं, असं एक मत ऐकायला मिळतं. ते टिकत नाही. लोकलला ‘जेन्ट्स डबा’ अशी पाटी नसते, तरी ‘एक जेन्ट्स’ सर्रास चालतं. ‘जेन्ट’ कुणीच म्हणत नाही. माझं मत असं, की हा शब्द आपण कानाने घेतला. इंग्रजीत या नामाची चार रूपं आहेत: एकवचन, त्याची षष्ठी, अनेकवचन आणि त्याची षष्ठी. पहिलं सोडलं तर उरलेल्या तिन्हींचा उच्चार अगदी एकच, ‘लेडीज’. फरक फक्त लिहिताना, स्पेलिंगचा आणि षष्ठी दाखवणारं वरचं चिन्ह (अपॉस्ट्रॉफी) कुठे द्यायचं याचा. ज्याने पुस्तक नाही, फक्त बोलणं ऐकलं, त्याच्या कानावर चारातली तीन रूपं ‘लेडीज’ म्हणूनच पडली. त्यात पाट्यांची भर. लेडीज टेलर, लेडीज पार्लर, लेडीज सायकल. नुसतं ‘लेडी’ तुम्हाला बाजारात दिसणार कुठे?

आणि दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. अनोळखी बाईबद्दल आपण ‘बाई आल्या’ असं आदरार्थी अनेकवचनात बोलतो. मग त्या जागी परका शब्द अनेकवचनातलाच येऊन बसला, तर तो मराठी कानाला खटकणार का?

ही सवय आजची नाही. ‘नवाब’ घ्या. अरबीत नायब म्हणजे प्रतिनिधी, आणि त्याचं अनेकवचन ‘नुव्वाब’. मान म्हणून एकाच माणसाला अनेकवचन लावलं गेलं आणि त्याचा नवाब झाला. तहसील कचेरीतले नायब तहसीलदार आणि लखनौचे नवाब ही एकाच नामाची दोन वचनं आहेत! ‘उमराव’ हे ‘अमीर’चं अनेकवचन. ‘औलाद’ हे ‘वलद’चं, तोच ‘वलद’ जो जुन्या महसुली कागदांत बापाच्या नावाआधी असतो. ‘अहवाल’ हे ‘हाल’चं अनेकवचन, आणि आपण बिनदिक्कत ‘एक अहवाल सादर केला’ लिहितो. ‘असामी’ तर त्याहून पुढची. अरबीत ‘इस्म’ म्हणजे नाव, ‘अस्मा’ म्हणजे नावं, आणि ‘असामी’ हे त्या अनेकवचनाचंही अनेकवचन. मराठीत मात्र ती ‘एक बडी असामी’.

इंग्रजीने तरी वेगळं काय केलं? ‘अजेंडा’ हे लॅटिन अनेकवचन आहे, करायच्या गोष्टी. ‘स्टॅमिना’ अनेकवचन, ‘ऑपेरा’ मुळात अनेकवचन. ‘एक लेडीज’ ऐकून नाक मुरडणारे सोसायटीच्या वार्षिक सभेत ‘एक अजेंडा’ खुशाल वाटतात. इंग्रजीने केलं की परंपरा आणि लोकलमधल्या बाईने केलं की अडाणीपणा, हा न्याय मला मंजूर नाही.

आता खुद्द ‘लेडी’कडे येतो, कारण हा शब्द मला अतिशय प्रिय आहे. जुन्या इंग्रजीत ‘ह्लाफ’ म्हणजे पाव, आजचा ‘लोफ’. ‘लॉर्ड’ म्हणजे ह्लाफ्वेअर्द, पावाचा राखणदार. ‘लेडी’ म्हणजे ह्लॅफ्दीये, पावाची कणीक मळणारी. आणि इंग्लंडमधल्या केंटच्या राजा एथेलबर्टच्या कायद्यात, सुमारे इ. स. ६०० मध्ये, घरच्या चाकराला शब्द आहे ‘पाव खाणारा’. एक राखतो, एक मळते, एक खातो. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, या म्हणीतलं सगळं घर तीन नामांत आलं. याच लॉर्डचा आपल्याकडे ‘लाट’ झाला, ‘मोठा लाटसाहेब लागून गेलास’ मधला. (पोळी लाटण्याशी त्याचा संबंध जोडू नका, तो नाही.)

काही कोशकारांना ‘मळणारी’ हा अर्थ पटत नाही. मालकीण कणीक कशाला मळेल, असा त्यांचा आक्षेप. त्यांनी ‘डेअरी’ पाहावी. त्यातलं ‘डे’ म्हणजेही मुळात कणीक मळणारी. पुढे घरकाम करणारी बाई, मग दूधदुभतं पाहणारी. मळणाऱ्या बाईचं नाव एकीकडे गोठ्यापर्यंत जातं, तर दुसरीकडे मालकिणीपर्यंत का जाऊ नये? आपल्याकडे अन्नपूर्णा देवी आहे, तिला कुणी हलकं मानत नाही.

मळण्याचा हा धातू आपल्याही घरात आहे. संस्कृत ‘दिह्’, म्हणजे लिंपणे. त्यातून ‘देह’, लिंपून घडवलेला. त्यातूनच ‘संदेह’ आणि सरकारी पत्रांतलं ‘संदिग्ध’. इंग्रजीतलं ‘डो’ म्हणजे कणीक, ‘फिगर’, ‘फिक्शन’ ही सगळी त्याच धातूची लेकरं. पारशांच्या अवेस्ता या प्राचीन धर्मग्रंथाच्या भाषेत ‘दएझ’ म्हणजे लिंपून उभारलेली भिंत. भिंतीने वेढलेली बाग ग्रीकांमार्गे इंग्रजीत ‘पॅराडाइज’ झाली आणि अरबी-फारसीत ‘फिर्दौस’. लेडी आणि देह हे एका मुळाचे शब्द आहेत, हे मला गुणांपेक्षा कितीतरी मोलाचं वाटतं.

रूपांबद्दल विचारलंच आहे, तर एक रूप शाळेत सांगत नाहीत तेही सांगतो. जुन्या इंग्रजीत ‘लेडी’सारख्या स्त्रीलिंगी नामाच्या षष्ठीला ‘एस’ लागतच नसे, दुसराच प्रत्यय लागे, आणि तो पुढे झिजून गेला. म्हणून २५ मार्चच्या मेरीमातेच्या सणाला ‘लेडी डे’ म्हणतात (इथे ‘लेडी’ म्हणजे मेरी), ‘लेडीज डे’ नाही. १७५२ पर्यंत इंग्लंडचं कायदेशीर वर्ष याच दिवशी सुरू होई. ठिपक्यांच्या लाल किड्याचं ‘लेडीबर्ड’ हे नावही असंच, मेरीचा पक्षी. तिथे ‘लेडी’ एकवचनी दिसते, पण ती षष्ठी आहे.