गुंजवण्याला गाड्या नेण्यापूर्वी

आपल्या प्रश्नाचा आशय असा आहे : पुण्यातील १४ जणांचा गट ऑगस्टमधल्या एका रविवारी ४ गाड्यांनी राजगडाला जाणार आहे. पाच जणांना गाडी चालवता येते, पण त्यांतल्या एकाला परवाना नुकताच मिळाला आहे. निघावे किती वाजता, गाड्या लावाव्यात कुठे, खर्च वाटावा कसा आणि जमल्यास त्याच दिवशी तोरणाही करता येईल का, हे आपल्याला हवे आहे.

माझे पहिले सांगणे असे की वेळेचा हिशेब सकाळपासून न मांडता संध्याकाळपासून उलटा मांडावा. पहाटे चालक ताजातवाना असतो आणि रस्ता मोकळा असतो. धोका असतो तो परतीला, कारण पहाटे तीनला उठून दिवसभर गड चढलेला-उतरलेला माणूस त्या वेळी बाकीच्यांच्या जिवाची जबाबदारी घेऊन चाकामागे बसतो आणि गाडीतले इतर सगळे मात्र झोपी जातात. उतरून आलेल्या पायांना गोळे येतात, आणि खेड शिवापूरच्या टोलनाक्याजवळ रविवारी संध्याकाळी गाड्यांची रांग लागली की क्लच दाबून-सोडून डाव्या पोटरीत गोळा हमखास येतो. म्हणून उजेड असतानाच महामार्गाला लागायचे, हे आधी ठरवावे. ऑगस्टच्या सुरुवातीला सूर्य सातच्या सुमारास मावळतो. राजगडाच्या पायथ्याच्या गुंजवणे गावातून साडेचारला निघायचे असेल, तर चारपर्यंत सर्वांनी गावात पोचले पाहिजे आणि त्यासाठी गडावरचा सपाट भाग असलेली पद्मावती माची दुपारी एकलाच सोडली पाहिजे. गुंजवण्याकडून चोर दरवाज्याने चढताना शेवटचा कातळटप्पा रेलिंगला धरून एकेकाने चढावा लागतो आणि रविवारी तिथे रांग लागते, हेही हिशेबात धरावे. या सगळ्यामुळे पुणे पहाटे साडेचार-पाचलाच सोडावे लागेल. उशीर झालाच तर गडाचा सर्वांत उंच भाग, म्हणजे बालेकिल्ला, सोडून द्यावा, परतीची वेळ मात्र हलवू नये.

गाड्या चारऐवजी तीन न्याव्यात. तीन गाड्यांत १४ जण मावतात आणि प्रत्येक गाडीत निदान एक अनुभवी चालक राहून दोन गाड्यांना दुसरा चालकही मिळतो. नव्या परवान्याच्या मित्राला पावसात, भरलेल्या गाडीसह, परतीच्या वाटेवर चाक देऊ नये. परवडत असेल तर सतरा आसनी टेम्पो ट्रॅव्हलर चालकासह ठरवणे मला सर्वांत योग्य वाटते, कारण आपण गडावर असताना तो चालक गावात विश्रांती घेतो आणि संध्याकाळी त्याचे डोळे व पाय दोन्ही ताजे असतात.

रस्ता सरळ आहे. सातारा महामार्गाने नसरापूर फाटा, तिथून वेल्ह्याच्या रस्त्याने मार्गासनी आणि पुढे साखरमार्गे गुंजवणे. कात्रजचा बोगदा ओलांडल्यावर मोठा घाट लागत नाही, हे नवख्या गटाच्या पथ्यावर पडते, पण आतला रस्ता अरुंद आहे आणि समोरून एसटी आली की एकाला थांबावेच लागते. नियमही असा आहे की अरुंद चढावर उतरणाऱ्याने चढणाऱ्याला वाट द्यावी. पेट्रोल महामार्गावरच भरून घ्यावे. गटाला नुसते 'पाली' असे नाव पाठवू नये. राजगडाच्या पायथ्याशी पाली दरवाज्याच्या वाटेचे पाली आहे, तसे रायगड जिल्ह्यात अष्टविनायकांपैकी बल्लाळेश्वराचेही पाली आहे, आणि नकाशा बिनदिक्कत दुसरीकडे नेतो. हरिश्चंद्रगडाला जाल तेव्हा ही काळजी दुप्पट घ्यावी, कारण खिरेश्वर जुन्नर तालुक्यात तर पाचनई अकोले तालुक्यात आहे, आणि अर्धा गट एका गावी व अर्धा दुसऱ्या गावी पोचला तर दिवस तिथेच संपतो. तेव्हा नेमके ठिकाण आदल्या रात्रीच पाठवून ठेवावे आणि नकाशा मोबाइलमध्ये उतरवून घ्यावा, कारण पायथ्याच्या गावांत रेंजचा भरवसा नसतो.

पावसाळ्यात रस्त्यापेक्षाही अडवते ती आतून धुरकटलेली काच. ओलेचिंब पाच जण गाडीत बसले की काही मिनिटांत पुढचे काही दिसेनासे होते, आणि मग कुणीतरी हाताने काच पुसू लागतो, ज्याचा उपयोग होत नाही. एसी चालू करून हवा थेट काचेवर सोडावी. चालकाने निघण्यापूर्वी कोरडे कपडे घालावेत आणि चिखलाने माखलेले बूट काढून पायात दुसरी कोरडी जोडी घालावी, कारण ओला तळवा ब्रेकवरून निसटतो. फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर थांबावे. फूटभर वाहत्या पाण्यातही छोटी गाडी उचलली जाऊ शकते, आणि गढूळ पाण्याखाली फरशी शाबूत आहे की नाही हे वरून कळत नाही.

गावात गाडी लावताना एसटी वळवण्याची जागा, विहिरीची वाट आणि भातखाचरांचे बांध सोडावेत. पाऊस मुरलेल्या मातीत चाके रुततात, म्हणून मुरूम टाकलेली किंवा फरसबंदी जागा पाहावी आणि गाडी तोंड बाहेर करून लावावी. ओढ्याच्या पात्रालगत वा सुट्या दरडीखाली लावू नये. ज्यांच्या अंगणात लावाल, त्यांना मागतील ते पैसे घासाघीस न करता द्यावेत आणि परतताना पिठले-भाकरी त्यांच्याकडेच सांगावी. या गावांना आपल्या गर्दीचा त्रास होतो, तेवढा मोबदला त्यांना मिळालाच पाहिजे. किल्ली प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवावी, कारण बटणाची किल्ली भिजली की गाडी दाद देत नाही. ती कुणाच्या सॅकच्या कोणत्या कप्प्यात आहे हे आणखी एकाला माहीत असावे. उद्या चालकालाच दुखापत झाली, तर गाडी खाली उभी आणि किल्ली वर, अशी वेळ येऊ नये. गडावर कुणाला काही झाले तर ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक सर्वांना पाठ असावेत.

खर्चाबाबत माझे मत स्पष्ट आहे. पेट्रोल आणि टोल यांची बेरीज करून ती चालक वगळून बाकीच्यांत वाटावी, कारण चालकाने श्रम दिलेले असतात. मात्र पांढऱ्या पाटीच्या गाडीत माणशी भाडे आकारू नये. त्याला परवाना लागतो, आणि खासगी गाडीच्या विम्यात भाड्याने वाहतूक बसत नसल्यामुळे अपघात झाल्यास भरपाई नाकारली जाऊ शकते.

तोरणा या वेळी नको. राजगड ते तोरणा ही संजीवनी माचीकडून निघून बुधला माचीवर पोचणारी वाट मोठी आहे, आणि पावसात धुक्याने ती हरवते. हिवाळ्यात करायचे झाल्यास गाड्या गुंजवण्यात ठेवू नयेत. सकाळी सगळ्यांनी आधी तोरण्याच्या पायथ्याशी वेल्ह्याला जावे, गाड्या तिथे लावाव्यात आणि आदल्या दिवशी ठरवून ठेवलेल्या स्थानिक जीपने गुंजवण्याला यावे. त्यामुळे तोरणा उतरायला कितीही वाजले तरी गाड्या समोरच असतात. हेच उलटे केले, तर अंधारात दमलेल्या चालकांना गाड्या आणायला पुन्हा गुंजवण्यापर्यंत जावे लागते, आणि रात्री तिथवर नेणारे वाहन मिळेलच असे नाही.