कारण नसताना होणारी धडधड

घरी सगळं ठीक, तरी तिन्हीसांजेला जीव घाबरा होतो म्हणालास ना? आधी रक्त तपासून घे: थायरॉईड, हिमोग्लोबिन, बी-१२. थायरॉईड जास्त काम करू लागला की अगदी अशीच धडधड होते. घरच्यांना देवळात कौल लावायचा असेल तर लावू देत, पण तपासणी टाळू नकोस.

धडधड सुरू झाली की कारण शोधत बसू नकोस, शोधण्यानेच ती वाढते. पुळणीवर चाल. श्वास घेतोस त्याहून सावकाश सोड, त्याने हृदयाची गती उतरते. दुपारनंतर चहा नको.

तरी फरक पडला नाही तर रत्नागिरीचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. नावाला बिचकू नकोस रे. रात्री फारच अस्वस्थ वाटलं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर लाव, मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत.