फेऱ्या मारतोय म्हणजे बिघडलाच असं नाही

वॉर्डात नवीन आलीस म्हणून सांगते. हॅलोपेरिडॉल, म्हणजे भास-भ्रम आवरणारं औषध, सुरू झालेला पेशंट एका जागी ठरत नाही, बसला की पाय हलवतो, उठून पुन्हा फेऱ्या मारतो. लगेच 'आजार वाढला' लिहून मोकळी होऊ नकोस. "डोक्यात काही चाललंय, की पायच बसू देत नाहीत?" असं विचार. पायांचं म्हणाला तर अकॅथिसिया, म्हणजे औषधानेच आलेली बेचैनी, असू शकतो, आणि डोस वाढवला की तो आणखी वाढतो.

याच औषधाने तरण्या मुलांची मान पहिल्या चार-पाच दिवसांत अचानक वाकडी होते, डोळे वर चढतात. घरचे 'बाहेरचं लागलं' म्हणून गाऱ्हाणं घालायला निघतात. घालू देत, पण आधी डॉक्टरांना बोलाव; प्रोमेथाझिनच्या इंजेक्शनने बहुतेकदा तासाभरात उतरतं.

मे महिन्यात अशा पेशंटला ताप आला की सगळे उकाड्यावर ढकलतात. तू त्याचा हात कोपरात वाकवून बघ. लाकडासारखा ताठ, वर घाम आणि बरळणं, तर एनएमएस, म्हणजे या औषधांची घातक प्रतिक्रिया, समज. जिवावरचं आहे, पुढचा डोस न देता तिथूनच फोन लाव.

क्लोझापिन हेही त्याच जातीचं औषध, पण त्याने रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटू शकतात; ते घेणाऱ्याला ताप किंवा घसादुखी असली तर त्याच दिवशी त्या मोजायला हव्यात. आणि त्याने बद्धकोष्ठही होतो, म्हणून पोट साफ झालं का, हे रोज विचार. लाजेने कुणी आपणहून सांगत नाही.