प्रचारात शिव्या, शपथेला शेजारी: वाचकांचे प्रश्न

प्रश्न (एक वाचक, औसा): सर, प्रचारात आमच्या गावात दोन पक्षांच्या पोरांची डोकी फुटायची बाकी राहिली होती, केसेस अजून चालू आहेत. आणि वरचे लोक निकाल लागला की एकमेकांना पेढे भरवून सरकार करतात. लोकांनी यांना एकमेकांच्या विरोधात मतं दिली ना, मग कायदा काही म्हणत नाही का?

उत्तर: नाही म्हणत दादा. घटनेला एवढंच कळतं की 288 पैकी 145 आमदार कुणाच्या बाजूनं आहेत, ते प्रचारात काय बोलले हे कुठं मोजलं जात नाही. आणि लातूर जिल्ह्यातल्या माणसानं हे विचारावं म्हणजे गंमतच आहे, कारण याचं सगळ्यात मोठं उदाहरण तुमच्याच जिल्ह्यातलं. 1999 च्या जूनमधे सोनिया गांधींच्या विदेशी जन्माच्या मुद्द्यावरून पवारसाहेबांनी राष्ट्रवादी काढली, सप्टेंबरात दोन्ही काँग्रेस गावोगाव एकमेकांच्या विरोधात लढल्या, आणि 18 ऑक्टोबरला बाभळगावचे विलासराव मुख्यमंत्री झाले ते त्याच राष्ट्रवादीला सोबत घेऊन! काँग्रेस 75, शिवसेना 69, राष्ट्रवादी 58, भाजप 56 असा निकाल होता, म्हणजे सेना-भाजप युती 125 वर अडकलेली आणि दोन्ही काँग्रेस मिळून 133, कुणाचंच जमत नव्हतं. युतीत मुख्यमंत्री कोण यावरच घोळ चालला, भाजपला परळीचे गोपीनाथराव मुंडे पाहिजे होते, सेना ऐकेना, तोवर इकडं शेकाप (शेतकरी कामगार पक्ष), जनता दल, अपक्ष असं करत करत आकडा लागला पण.

आता ही जोडी पुढं 2014 पर्यंत चालली, मधे कुरबुरी झाल्या, 2002 ला शेकापनं पाठिंबा काढला तेव्हा विलासरावांना सभागृहात बहुमत दाखवावं लागलं, तरी चालली. काही प्रेमापोटी नाही. 2004 चं बघा, राष्ट्रवादी 71 आणि काँग्रेस 69. ज्याच्या जागा जास्त त्याचा मुख्यमंत्री या हिशोबानं खुर्ची राष्ट्रवादीची होती, पण 16 ऑक्टोबरला निकाल लागून शपथ झाली थेट 1 नोव्हेंबरला, आणि मुख्यमंत्री पुन्हा विलासरावच. मधल्या दिवसांत काय झालं असेल ते खातेवाटपात दिसतं, उपमुख्यमंत्रिपद आणि गृह आर. आर. आबांकडं, अर्थ जयंत पाटलांकडं, शिवाय मंत्रिपदंही राष्ट्रवादीला जास्त. भांडणारे भाऊ वाटणीपत्रावर सह्या झाल्या की एका पंगतीला बसतात, तसंच आहे हे. म्हणून मी तर म्हणतो शपथविधीचे फोटो बघण्यात वेळ घालवू नका, खातेवाटपाची यादी वाचा.

प्रश्न (एक वाचक, परभणी): एकटा आमदार फुटला तर त्याची आमदारकी जाते, आणि अख्खा पक्ष पलटी मारतो त्याला काहीच नाही. हा कुठला न्याय?

उत्तर: प्रश्न एक नंबर. 1985 चा पक्षांतरबंदी कायदा आमदाराला पक्षाशी बांधतो, पक्षाला मतदाराशी नाही बांधत. व्हीप, म्हणजे सभागृहात मत कुणाला द्यायचं याचा आदेश, कुणाच्या बाजूनं काढायचा हे पक्षानं ठरवायचं आणि आमदारानं गुमान हात वर करायचा. आधी एक तृतीयांश आमदार फुटले तरी चालायचं, 2003 ला ती वाट बंद केली आणि त्याच दुरुस्तीत मंत्र्यांची संख्याही 15 टक्क्यांवर आणली, म्हणजे आपल्याकडं मुख्यमंत्र्यासकट जास्तीत जास्त 43. आघाडीत तीन पक्ष आले की रुसवेफुगवे का वाढतात ते यातनंच कळतं, खुर्च्या मोजक्या आणि बसणारे लै.

बाकी जाहीरनामा मोडला म्हणून कोर्टात जाता येत नाही. आघाडीतल्या पक्षांनी मिळून लिहिलेला किमान समान कार्यक्रम मात्र जपून ठेवा, निदान तोंडावर मारता येतो. 2019 च्या सेना-राष्ट्रवादी-काँग्रेस आघाडीच्या कार्यक्रमात कर्जमाफी होती, 10 रुपयांत जेवण होतं, स्थानिकांना 80 टक्के नोकऱ्यांचा कायदा होता. दोन लाखांपर्यंतची कर्जमाफी डिसेंबरात जाहीर झाली, शिवभोजन थाळी 26 जानेवारीला सुरू झाली. 80 टक्क्यांचा कायदा अजून येतोय!

प्रश्न (एक वाचक, हिंगोली): राज्यपालांनी आधी कुणाला बोलवायचं याचा काही नियम आहे का मनाला येईल ते?

उत्तर: घटनेत लिहिलेला क्रम नाही. केंद्र-राज्य संबंधांवरच्या सरकारिया आयोगानं सुचवलेला आहे, आधी निवडणुकीच्या आधीची युती, मग इतरांचा पाठिंबा घेऊन दावा करणारा सगळ्यात मोठा पक्ष, मग निकालानंतर जमलेली आघाडी ज्यात सगळे सरकारात बसतात, आणि शेवटी काही आत काही बाहेरून पाठिंबा देणारे. पाळायचा किती हे राज्यपालांच्या हातात, आणि खरी भानगड तिथंच होते. 2019 ला भाजप, सेना, राष्ट्रवादी असं एकेकाला विचारून 12 नोव्हेंबरला राष्ट्रपती राजवट लागली, आणि 23 च्या सकाळी लोक उठायच्या आत फडणवीस आणि अजित पवारांची शपथ झालेली. बहुमत राजभवनात नाही तर सभागृहात मोजायचं हे सुप्रीम कोर्टाच्या बोम्मई निकालात 1994 लाच ठरलंय, त्याच धर्तीवर सुप्रीम कोर्टानं 26 ला सांगितलं की उद्या पाच वाजेपर्यंत मतदान घ्या, गुप्त नको, उघड, आणि टीव्हीवर दाखवा. त्याच दिवशी फडणवीसांचा राजीनामा आला. घोडेबाजाराला वेळच मिळाला नाही, माझ्या मते यातली सगळ्यात कामाची गोष्ट ती घड्याळाची वेळ होती.

प्रश्न (एक वाचक, अंबाजोगाई): आमच्यासारख्या नगरपालिकेत पण असंच चालतं का?

उत्तर: चालतं की ताई, उलट जास्त चालतं. नगराध्यक्ष थेट जनतेतून एका पक्षाचा आणि सभागृहात जास्त नगरसेवक दुसऱ्याचे, मग उपनगराध्यक्ष आणि विषय समित्यांसाठी रात्र रात्र बैठका. इथं स्थानिक संस्थांसाठीचा 1986 चा वेगळा कायदा लागतो आणि अपात्रतेचं प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांकडं जातं. तुमच्या नगरसेवकानं निकालानंतर कुठल्या गटात नोंदणी केलीय ते जिल्हाधिकारी कार्यालयात माहिती अधिकारात विचारा, अर्जाला 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो फक्त.